दवंडी, जाहिरात आणि जाणत्यांची मंडळे



गावात दवंडी पिटण्याची प्रथा अजून अनेकांच्या स्मरणात आहे. कालव्याला पाणी सुटण्याचा दिवस, सारा भरण्याची मुदत, लस टोचणाऱ्या पथकाचे आगमन अशा वार्ता हलगीच्या तालावर गल्लोगल्ली सांगितल्या जात. या प्रथेत दोष होते. ज्याच्यावर हे काम रूढीने लादलेले असे, त्याच्या वाट्याला मानापेक्षा जाचच अधिक येई, आणि वस्तीपासून दूर राहणाऱ्याच्या कानी दवंडी पडेलच, याची शाश्वती नसे. तथापि तिच्यात एक मोठा गुण होता. तेच शब्द साऱ्या गावाने एकाच दिवशी ऐकलेले असत. कोणी त्यांचा विपरीत अर्थ लावला, तर चावडीवर दहा जण त्याला दुरुस्त करीत. दवंडीला गाव साक्षीदार असे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्यानंतर मराठी वृत्तपत्रसृष्टी वाढत गेली आणि तिच्याबरोबर छापील जाहिरातही घरोघरी पोचली. जाहिरात अतिशयोक्त असली, तरी तीच जाहिरात गावचा डॉक्टर वाची, शाळामास्तर वाची आणि प्रतिस्पर्धी दुकानदारही वाची. जादूटोण्याने वा चमत्कारिक औषधाने असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ साली झाला. त्याच्या अंमलबजावणीत अडचणी आल्या असतील. पण पुराव्याचा कागद निदान सर्वांच्या हाती होता. समाजमाध्यमांवरील जाहिरातीने हीच साक्षीची व्यवस्था मोडली आहे. ती कशी मोडली, आणि तिची उणीव भरून काढण्यासाठी माणसे छोट्या छोट्या समानधर्मी मंडळांकडे का वळतात, याचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनीही करण्याजोगा आहे.

फुकटाचा हिशेब

समाजमाध्यमांचा वापर करणाऱ्याला सहसा दाम मोजावे लागत नाहीत. मग या अवाढव्य यंत्रणेचा खर्च भागतो कोठून? १० एप्रिल २०१८ रोजी अमेरिकन सिनेटच्या समित्यांपुढे फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांची साक्ष झाली, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्याने नेमका हाच प्रश्न केला. जाहिरातींवर, असे थोडक्यात उत्तर मिळाले. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची मालकी असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ मधील उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते. त्यांतील सुमारे १६० अब्ज डॉलर, म्हणजे दर १०० डॉलरमागे ९७ हून अधिक, जाहिरातींतून आले. फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत वापरणारा आपल्या लक्षाच्या रूपाने मोजतो, एवढाच याचा अर्थ.

हे लक्ष विकले जाते ते लिलावाने. भ्रमणध्वनीवर पान उघडले की क्षणार्धात अनेक जाहिरातदारांत स्पर्धा लागते. जास्त पैसे देणाराच जिंकतो, असे मात्र नाही. हा मनुष्य ही जाहिरात पाहून थांबेल काय, तिच्यावर बोट ठेवील काय, वस्तू विकत घेईल काय, याचा अंदाज यंत्रणा बांधते आणि त्या अंदाजासह बोलीचे मोल ठरते. अंदाजासाठी लागणारा मालमसाला वापरणाऱ्यानेच पुरविलेला असतो. त्याचे वय, गाव, त्याने पाहिलेली चित्रे, कोणत्या मजकुरावर तो किती वेळ रेंगाळला, या साऱ्याची नोंद होत असते. एखाद्या दुकानाच्या शंभर चांगल्या गिऱ्हाइकांची माहिती दिल्यास त्यांच्यासारखी आणखी हजारो माणसे शोधून देण्याची सोयही या यंत्रणेत आहे.

न दिसलेली जाहिरात

याचा परिणाम असा की, एकाच घरात शेजारी बसलेल्या बापलेकांना दोन निराळ्या जाहिराती दिसतात. बापाला गुडघेदुखीवरचे तेल, मुलाला झटपट कर्ज. मुलाने काय पाहिले, ते बापाला कळत नाही. म्हणून तो त्याला सावधही करू शकत नाही.

जी जाहिरात दिसते तिची चर्चा निदान होऊ शकते. जी दिसत नाही तिचे काय? अमेरिकेत २०१६ साली शोधपत्रकारांनी असे दाखवून दिले की, घरांची जाहिरात देणाऱ्याला फेसबुकवर विशिष्ट वंशाशी निगडित समूह वगळण्याची सोय उपलब्ध होती. वर्तमानपत्रात अमुक लोकांनी येऊ नये असे छापले असते, तर दुसऱ्या दिवशी त्यावर गदारोळ उठला असता. येथे मात्र ज्याला वगळले, त्याला आपण वगळलो गेलो याचा पत्ताच लागत नव्हता. दीर्घ वादानंतर मार्च २०१९ मध्ये नागरी हक्कांच्या संघटनांशी समझोता झाला. घर, नोकरी व कर्ज यांच्या जाहिराती वय, लिंग किंवा टपाल विभाग यांच्या आधारे निवडक लोकांनाच दाखविण्याची सोय त्यान्वये कंपनीने बंद करण्याचे मान्य केले.

त्याच वर्षी नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील व इतर संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. जाहिरातदाराने कोणताही भेदभाव केला नाही, तरी यंत्रणा स्वतःच्या अंदाजाने भेद करते. सर्वांसाठी दिलेल्या नोकरीच्या जाहिरातींपैकी लाकूड उद्योगातील कामाच्या जाहिराती ज्यांच्यापर्यंत पोचल्या, त्यांत सुमारे ९० टक्के पुरुष होते. बाजारभांडारातील रोखपालाच्या कामाच्या जाहिराती ज्यांना दिसल्या, त्यांत सुमारे ८५ टक्के स्त्रिया. कोणी आज्ञा केली नव्हती. ज्याने बोट ठेवण्याची शक्यता अधिक, त्याच्याच पुढे जाहिरात ठेवण्याचा यंत्राचा नियम तेवढा पाळला गेला.

शासकीय योजनांची माहिती समाजमाध्यमांतून देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निष्कर्ष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वा पीकविम्याची सूचना हजारो लोकांनी पाहिल्याचा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु ज्या विधवेच्या घरी साधा भ्रमणध्वनी आहे, किंवा ज्या ऊसतोड मजुराने अशा सूचनेवर पूर्वी कधी बोट ठेवलेले नाही, तो त्या आकड्यात आहे काय? मुदत टळल्यावर तो कचेरीत येतो, तेव्हा सूचना प्रसिद्ध झाली होती, एवढेच उत्तर त्याला मिळते. ती त्याच्यासाठी प्रसिद्ध झालेलीच नसते.

छोट्या मंडळांची ओढ

अशा एकाकी जाहिरातींच्या गर्दीत माणसे समान व्यासंगाच्या छोट्या मंडळांत रमतात, यात नवल नाही. ही ओढ समाजमाध्यमांपेक्षा जुनी आहे. १९८० साली अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगणकांना जोडून ‘यूझनेट’ नावाचे जाळे उभे राहिले. त्यावर विषयवार गट असत. गणित, बुद्धिबळ, पाककृती, निरनिराळ्या देशांची संस्कृती अशा विषयांवर अनोळखी माणसे एकमेकांच्या शंकांचे निरसन करीत. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याच्या आपल्या सेवेची जाहिरात या जाळ्यावरील हजारो गटांत एकाच वेळी टाकली. बुद्धिबळाच्या गटात परवान्याचे काय काम? सदस्य संतप्त झाले आणि निषेधाच्या पत्रांचा एवढा पूर आला की, त्या वकिलांना सेवा देणाऱ्या कंपनीचे संगणक कोलमडले. नको असलेल्या जाहिरातींच्या इतिहासात ही घटना पायाची मानली जाते. जाहिरात खोटी होती की खरी, हा त्या संतापाचा मुख्य मुद्दा नव्हता. जे स्थान गप्पा आणि ज्ञान यांसाठी राखलेले होते, तेथे कोणी न विचारता दुकान थाटले, हे लोकांना रुचले नाही.

मराठी माणसानेही आंतरजालावर अशी मंडळे लवकर उभी केली. अमेरिकेतील मराठी मंडळींच्या पुढाकाराने ‘मायबोली’ १९९६ च्या गणेशोत्सवात सुरू झाली. ‘मनोगत’ २००४ साली आणि ‘मिसळपाव’ २००७ साली आले. परदेशात पुरणपोळीची कणीक कशी तिंबावी, सह्याद्रीतील एखाद्या गडाची वाट पावसाळ्यात धरावी की नाही, ऱ्हस्वदीर्घाचा नियम काय, अशा प्रश्नांना तेथे अनुभवी माणसांची उत्तरे मिळत आली. त्यांचे आकर्षण तीन गोष्टींत आहे. उत्तर देणाऱ्याचा त्यात काही विक्रीचा हेतू नसतो. त्याने पूर्वी काय लिहिले, ते सर्वांना ठाऊक असते. आणि तो चुकला, तर त्याला चूक दाखविणारा दुसरा जाणता तेथेच हजर असतो. गडावरचे टाके उन्हाळ्यात आटते, हे न सांगणाऱ्याला पुढच्या खेपेस कोणी विचारीत नाही.

शेतीच्या क्षेत्रात हेच चित्र दिसते. नाशिक व सांगली भागांतील द्राक्ष बागायतदार पानावरील भुरीची वा केवड्याची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटात टाकतात आणि काही मिनिटांत शेजारच्या तालुक्यातला बागायतदार आपला अनुभव सांगतो. येथे ज्ञानाला नाव आहे, गाव आहे आणि पिकाचा पुरावा आहे.

विश्वासाचा बाजार

जेथे विश्वास, तेथे जाहिरातदाराची नजर वळणारच. फेसबुकने २०१७ साली आपले ध्येय नव्याने मांडताना मंडळे बांधण्यावर भर दिला. जानेवारी २०१८ मध्ये कंपन्यांच्या व वृत्तसंस्थांच्या मजकुरापेक्षा आप्तेष्ट आणि गट यांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे तिने जाहीर केले. जाहिराती मात्र होत्या तेथेच राहिल्या. हजारो विषयवार मंडळांचे जाळे असलेले ‘रेडिट’ २००५ पासून चालू आहे. तेथील मंडळांची राखण स्वयंसेवक विनामोबदला करतात. बाहेरच्या उपयोजनांवर कंपनीने जबर शुल्क बसविले, तेव्हा जून २०२३ मध्ये हजारो मंडळांनी निषेध म्हणून आपली दारे बंद केली. कंपनीने माघार घेतली नाही. मार्च २०२४ मध्ये तिचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले, तेव्हाही तिचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचेच होते. मंडळ सदस्यांच्या श्रमाने फुलते. पण जमीन दुसऱ्याच्या मालकीची असते, हा या प्रसंगाचा बोध.

व्हॉट्सॲपची कथाही अशीच आहे. संस्थापकांनी २०१२ साली जाहिराती न घेण्याचे धोरण उघडपणे मांडले होते. २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना ही सेवा घेण्याचा करार केला आणि जून २०२५ मध्ये तिच्या ‘अपडेट्स’ विभागात जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली. व्यक्तिगत संदेश आणि गट यांत जाहिराती नसतील, असे कंपनीने त्या वेळी सांगितले.

परंतु गटात जाहिरात येण्यासाठी कंपनीच्या परवानगीची गरजच कोठे असते? ती शिफारशीचे सोंग घेऊन येते. समजा, द्राक्ष बागायतदारांच्या गटात एक नवा सदस्य येतो. महिनाभर तो इतरांच्या बागांची स्तुती करतो आणि नंतर एका ‘टॉनिक’ने घड दुप्पट भरल्याचे सांगतो. तो बागायतदार आहे की विक्रेत्याचा माणूस? गटाने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. बाग कोणत्या गावी? द्रव्य कीटकनाशक म्हणून विकले जात असेल, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय? पिकाच्या वाढीसाठीचे जैव-उत्तेजक असेल, तर २०२१ पासून अशी उत्पादने ज्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यानुसार ते विक्रीस पात्र आहे काय? जाणत्या गटात हे प्रश्न आपोआप विचारले जातात. गुंतवणुकीवर महिन्यात दुप्पट रकमेचे आमिष दाखविणाऱ्या गटात ते विचारणाऱ्याला गटाबाहेर काढले जाते. खरे मंडळ आणि सापळा यांतील भेद ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही.

ओळख वेगळी, जाण वेगळी

छोट्या मंडळांचे गुण गाताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे भिक्षेकरी होते. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या भागात आधीच भीती पसरविली होती. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, ही गोष्ट प्रत्येक पंचायत सदस्याने मनाशी बाळगावी अशी आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घालण्याचे जाहीर केले आणि खोटे संदेश कसे ओळखावेत, हे सांगण्यासाठी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. साऱ्या जगाला जोडणाऱ्या यंत्रणेलाही सर्वांना एकच गोष्ट सांगावयाची वेळ आली, तेव्हा छापील कागदाचा आधार घ्यावासा वाटला.

अफवा पुढे पाठविणारेही एकमेकांच्या ओळखीचेच होते. ओळख होती; जाण नव्हती. भावकीचा वा शाळासोबत्यांचा गट जिव्हाळ्याचा खरा; पण औषध, गुंतवणूक किंवा परक्या माणसाचे चारित्र्य यांविषयी तेथे जाणकार असेलच असे नाही. जिव्हाळ्याने आलेला संदेश तपासून घेण्यात जिव्हाळ्याचा अपमान होत नाही, हे शिकविण्याची आज गरज आहे.

कायदा आणि लोकशिक्षण

कायद्याने काही पावले टाकली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यास आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरस्कर्त्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल, तर तो त्याने उघड केला पाहिजे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई करणारी तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. विलंब जितका कमी, तितकी रक्कम रोखता येण्याची शक्यता अधिक.

तथापि ज्या जाहिरातीला साक्षीदारच नाही, तिच्याविरुद्ध तक्रार करणार कोण? म्हणून कायद्याइतकेच लोकशिक्षणाचे महत्त्व आहे.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. आदल्या दिवशी घरातील भ्रमणध्वनीवर कोणत्या जाहिराती दिसल्या, ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहून आणावे आणि याद्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात. याद्या निराळ्या निघतील. त्या निराळ्या का, हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या जरी मनात रुजला, तरी तो तास सार्थकी लागला असे समजावे.

गावातील शेतकरी, बचत गट वा पालक यांचे जे गट असतील, त्यांच्या चालकांनी नियम ठरवून ते सर्वांना कळवावेत. विक्रीचा मजकूर टाकणाऱ्याने तो विक्रीचा आहे असे सांगावे. कोणताही दावा करणाऱ्याने आपले नाव, गाव आणि आधार द्यावा. शंका विचारणाऱ्यास कोणी गप्प करू नये. एवढे तीन नियम पाळले गेले, तरी बहुतेक सोंगे दारातच गळून पडतील.

पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यावरील जबाबदारी त्याहून मोठी आहे. समाजमाध्यमांतून सूचना अवश्य द्यावी. ती वेगवान आहे आणि अल्प खर्चाची आहे. मात्र तीच सूचना, त्याच शब्दांत, पंचायतीच्या फलकावर लागावी, ग्रामसभेत वाचली जावी, आणि ज्या वस्तीत फलक वाचणारा कोणी नाही, तेथे माणूस पाठवून सांगितली जावी. जुन्या दवंडीतील जाच गेला, हे उत्तम झाले. तिच्यातील साक्ष मात्र जाऊ देता कामा नये. ज्या गावात एखाद्या दाव्याविषयी चार जाणती माणसे उघडपणे बोलू शकतात, त्या गावातील कोणीही मनुष्य आपल्या हातातील चकाकणाऱ्या पडद्यापुढे एकटा पडत नाही.